अळणी वीरभद्र

अणदूरच्या गौराबाईंनी एखादी गोष्ट मनाशी धरली की ब्रह्मदेव आला तरी ती सुटायची नाही. त्यांचा एकुलता एक वीरभद्र सहा-सात वर्षांचा असताना त्याला खरूज झाली, आणि ती सुकते न सुकते तोच तोंड सुजलं, लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली. बैलगाडीनं सोलापूर गाठलं. डॉक्टरांनी लघवी नळीत तापवून पाहिली. मूत्रपिंडांना सूज आहे, उतरेपर्यंत मीठ बंद आणि वर्षानं पुन्हा दाखवा, असं बजावलं.

बाईंनी मीठ बंद तेवढं ऐकलं. सूज उतरली, पण मीठ काही परत आलं नाही. विषाची परीक्षा कोण घेणार? पुन्हा दाखवलं आणि नवंच काही निघालं तर, या धास्तीनं सोलापूरचं नावही घेईनात. पोराला ना तालीम, ना नांगर. लग्नाच्या पंगतीतही तो घरची अळणी आमटी घेऊन बसायचा. गावानं नावच पाडलं, अळणी वीरभद्र.

वयात आल्यावर जळकोटची शरणम्मा त्याच्या मनात भरली. तिचा बाप महालिंगप्पा म्हणाला, "पोरगं गुणाचं हाय, पण ज्याला मीठ सोसंना, त्याला संसार काय सोसंल?" त्याच साली त्यानं तिला दुसरीकडं दिलं.

अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या धाकानं गाव उठलं आणि संस्थानाच्या सरहद्दीपलीकडं छावणीत गेलं. तिथं सगळ्यांना एकच कढई. वीरभद्रानं पहिल्यांदा खारट डाळ ओरपली आणि दुसऱ्या दिवसापासून गौराबाईंची तपासणी सुरू झाली. रोज सकाळी त्या त्याचं तोंड न्याहाळायच्या, नडगी दाबून बघायच्या. सूज येईना. शेवटी राहवेना, म्हणून छावणीच्या डॉक्टरांकडं नेलं.

त्यांनी रक्तदाब मोजला, लघवी तापवली. "काही नाही. अशी बरीच मुलं साफ बरी होतात. थोड्यांचा आजार आत राहतो, पुढं रक्तदाब चढतो, म्हणून वर्षानं बघायचं असतं. हा लहानपणीच बरा झालाय."

गौराबाईंना आनंद झाला, नाही कसा होणार? पण बाहेर येताच लेकानं विचारलं, "अव्वा, तवाच दाखवलं असतं तर तवाच कळलं असतं?"

"व्हय."

"शरणम्माच्या लग्नाआधी?"

बाई म्हणाल्या, "तू जगावंस म्हून केलं रे."

"जगलो की, अव्वा," वीरभद्र म्हणाला. "तेवढंच केलं."