मुसफ्फाहून येणारे कोच

इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या टर्फवर माझ्या मुलीला फुटबॉल शिकवणारे कोच मूळचे कोल्हापूरचे. तिथल्या एका पेठेच्या संघाचे एकेकाळचे गाजलेले फॉरवर्ड, इथे दिवसभर मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागात स्टोअरकीपर. संध्याकाळी कंपनीच्या जड बुटांतच यायचे, बॉलच्या पिशवीवर टेकायचे आणि सगळ्या सूचना बसूनच द्यायचे. आवाज कधी चढायचा नाही. "पास दे, पळ, खलास," एवढंच दमून म्हणायचे.

सेमीफायनलला माझी मुलगी लंगडायला लागली. कोच उठले आणि त्यांनी तिला बाहेर बोलावलं.

"आय ॲम फाइन, कोच!" ती रडकुंडीला आली.

"दहाच मिनिटं राहिलीत, खेळू द्या की!" मीही ओरडले.

"न्हाई वहिनी," म्हणत ते खाली बसले आणि तिच्या बुटाची नाडी सोडू लागले.

आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये हाडाला चीर दिसली. तरीही हरल्याच्या रागातून पालकांच्या मीटिंगमध्ये कोच बदलायचं ठरत होतं, तेव्हा मी एक्स-रेबद्दल गप्प बसले. मला कुणाशी वाईटपणा नको होता. संघ एका तरुण कोचकडे गेला आणि यांच्या वाट्याला पाच-सहा वर्षांची मुलं आली.

परवा ते पार्किंगमध्ये दिसले. मी नजर चुकवणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "काय वहिनी, पोरीचा पाय कसा हाय?"

"बरा आहे," मी म्हणाले. मीटिंगबद्दल तेव्हाही माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.