माह्या तोंडी दुसरीचा आवाज

"या बाईला जरा मळवा. फार स्वच्छ दिसतेय."

दिग्दर्शक माह्याकडे न पाहताच बोलला. मेकअपवाला ओल्या मातीची वाटी घेऊन आला. माह्या गालाले माती लावली. मानेले लावली. मंग पातळाकडे पाहून म्हणला, "घरी जुनं नव्हतं का काही?"

जुनं होतं. मीच नेसून आली नव्हती. पोरगी सिनेमात काम करते म्हणून मायनं सकाळी पितळी लोट्यात निखारे टाकून पातळाले इस्त्री केलती. आमच्या आजानं धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून घरात एक गोष्ट ठरलेली. डब्यात दाणा नसला तरी चालते, आंगावरचं कापड धुतलेलं पाह्यजे. मळकं राहणं आमच्यावर लादलं होतं. ते आमी फेकून दिलतं. अन् हा माणूस तेच वाटीत कालवून मले परत लावून राह्यला होता.

मी उभी राह्यली. गालावर माती वाळत होती.

ते कापसाचे वाईट दिवस होते. पेपरात रोज आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची आत्महत्या. हायवेवरून मोठ्या गाड्या पांढरकवड्यात उतरत. फोटोवाले, पुढारी, अभ्यासवाले. मंग सिनेमावाले आले. केळापूरच्या बाजूच्या एका गावात शूटिंग लागलं. त्याइले रेस्ट हाऊस भेटलं. गावानं बैल दिले, त्याइले जुपाले बंड्या दिल्या, शाळेचं मैदान दिलं. आपला जिल्हा पडद्यावर येते म्हणून सारे खुश. मीही.

मी बालवाडीत शिकवत होती, अन् वस्तीतल्या कलापथकात गात होती. दिग्दर्शकानं आमचा एक प्रयोग पाह्यला. म्हणला, "तुमचा आवाज मला हवाय. असा आवाज पुण्या-मुंबईत मिळत नाही." मले एका विधवेचं काम दिलं. एकच प्रसंग. पण त्यात बोलायचं होतं.

प्रसंग पाटलाच्या घरातला. आत, चुलीजवळ. कॅमेरा लावून झाला, दिवे लावून झाले. तेवढ्यात पाटलीणबाई दारात आल्या. माह्याकडे बोट करून म्हणल्या, "ही त्या वस्तीतली ना? मंग स्वयंपाकघरात नको. बाकी आमचं काही म्हणणं नाही."

दिग्दर्शकानं चष्मा पुसला. म्हणला, "ठीक आहे. अंगणात घेऊ. उजेडही तिथे बरा आहे."

बस. इतकंच. आमच्या दुःखावर सिनेमा काढाले इतक्या दुरून आलेला माणूस, अन् त्याले एवढंच सुचलं. अंगणात विटा मांडून चूल केली. मले तिच्याजवळ बसवलं.

माह्यासोबत सुभद्रा होती. बंजारा तांड्यावरची. आमच्या कलापथकात ढोलकी वाजवे. हळूच म्हणली, "चाल, घरी जाऊ."

मी म्हणली, "थांब. माहं बोलणं होऊ दे."

मले वाटे, बोलणं पडद्यावर गेलं की झालं. माती निघते धुतल्यावर. आवाज राह्यते.

बोलणं झालं. एका दमात झालं. आवाजवाल्यानं कानावरचं यंत्र काढून डोळे पुसले. दिग्दर्शकानं मले हात जोडले. मी तशीच घरी आली. मायनं गालाकडे पाह्यलं. चुलीवर पाणी ठेवलं.

पुढल्या वर्षी सिनेमा पांढरकवड्याच्या टॉकीजले लागला. दुपारचा खेळ. मायले नेलं, वस्तीतल्या बायाइले नेलं, सुभद्राही आली. माहा प्रसंग आला. माहा चेहरा भिंतीएवढा. तोंड उघडलं.

आवाज दुसरीचा.

कोण्या शिकलेल्या बाईचा. नाकातून काढलेला. एकेक 'मले' अन् 'तुले' ओढून ओढून. आमची बोली तिच्यासाठी सोंग होती. समोरच्या रांगेत काही जण खिदळले. मी पडद्यावर आपला माणूस मेल्याचं सांगून राह्यली होती, अन् टॉकीजात हसू.

मायनं माहा हात धरला. "तुहा गळा कुठी गेला वं?"

खेळ सुटला तशी मी बाहेर निघाली.

बसस्टँडजवळच्या बूथवरून मी फोन लावला. दिग्दर्शक भेटला नाही. त्याचा सहायक म्हणला, "ताई, गैरसमज करून घेऊ नका. तुमची भाषा फारच खरी होती हो. बाहेरच्या प्रेक्षकाला कळली नसती."

मी म्हणली, "मंग माहं तोंड कसं कळलं त्याले?"

मीच फोन ठेवला.

सिनेमाले बक्षिसं भेटली. यवतमाळले सत्कार ठेवला. सोबत चर्चाही होती, आपल्या भागात सिनेमाचा धंदा कसा वाढवायचा. मलेही बोलावलं होतं. काहून, ते तिथं गेल्यावर समजलं. पाहुण्याइले गुच्छ द्याले.

एक साहेब माईकवर बोलत होते. "आपल्याकडे जंगल आहे, किल्ले आहेत, बारा महिने ऊन आहे. परवानग्या एका खिडकीवर देऊ. माणसं तर काय, जेवणावरसुद्धा येतात. आणि विषय? विषयांची आपल्याकडे ददात नाही."

लोक हसले. विषय म्हणजे आमची मढी.

माहं नाव पुकारलं. "आपल्याच मातीतल्या कलावंत!" मी मंचावर गेली. हातात गुच्छ. समोर दिग्दर्शक, हात पुढं करून. राग येते तेव्हा माणसाले जोर येते म्हणतात. मले थकवा आला. लय जुना थकवा, मायचा, आजीचा. अन् त्या थकव्यातच समजलं, आता हे आपल्याच्यानं होत नाही.

गुच्छ मी टेबलावर ठेवला. म्हणली, "मले बोलायचं हाये."

सूत्रसंचालक म्हणला, "ताई, कार्यक्रमपत्रिकेत नाही."

माईक त्यानं दिला नाही. मी तशीच बोलली. माहा आवाज मांगच्या खुर्चीपर्यंत जाते, त्याले माईक लागत नाही. "इथं सिनेमा आणू नका. इथून निघू द्या. रेस्ट हाऊस त्याइले देता, एक कॅमेरा आमाले देऊन पाहा. शिकवा. लायटीचं शिकवा, आवाजाचं शिकवा. ऊन अन् माणसं कायले विकाले काढता?"

समोरच्या रांगेतून एकजण म्हणला, "बाई, तुम्हाला संधी दिली होती ना?"

"तोंडाले दिली. गळा कापून दिली."

कोणी टाळ्या वाजवल्या नाही. सुभद्रा दारात उभी होती. आमी बसनं परत आलो.

नंतर मले कोणी बोलावलं नाही. 'ती भांडखोर बाई' झाली मी. शूटिंगवाले येत राह्यले, वस्तीतल्या दुसऱ्या बायाइच्या गालाले माती लागत राह्यली. कोणाकोणाले अडवू? शूटिंगच्या दिवशी चूल तरी पेटत होती त्याइची.

मुकुटबनचा एक लग्नाचं शूटिंग करणारा होता. पावसाळ्यात लग्नं नसतात. कॅमेरा कामाविना खाली. सुभद्रानं त्याले पटवलं. तो शिकवे, मी शिको. पह्यले चित्र हाले. मंग हलणं कमी झालं. आमी एक लहानसा सिनेमा केला. हापशीवर नंबरासाठी भांडणाऱ्या दोन सवतींचा. थोडी वऱ्हाडी, थोडी सुभद्राच्या तांड्याची गोरबोली. त्यात कोणी मरत नाही. समाजमंदिरात चादर बांधून दाखवला. लोक हसले, पण यावेळी आमच्यावर नाही. मायनं दोनदा पाह्यला.

एका महोत्सवाले पाठवला. परत आला. म्हणले, विषय हलका हाये, तुमच्या भागाची वेदना यात दिसत नाही.

म्हणजे आमी रडलो तरच आमी.

दुसरा सिनेमा सुरू केला हाये. पैसा नाही, उमेदही रोज असते असं नाही. कित्येक दिवस कॅमेरा पिशवीतून बाहेर निघत नाही. परवा एकानं चांगल्या मनानंच सांगितलं, "प्रमाण भाषेत करा, मग बाहेर चालेल."

नाही करणार. पडद्याच्या खालच्या पट्टीवर अर्थही लिहिणार नाही. ज्याले पाहायचं हाये त्यानं कान लावून आयकावं. नाही समजलं तं पुन्हा आयकावं. त्याइची प्रमाण भाषा आमी अशीच शिकलो. कोणी समजावून सांगितली नव्हती.