माझ्या बाकावरचा प्रकल्पवाला

आमच्या घरात सही करू शकणारा मी पहिलाच. तेव्हा दुसऱ्या माणसाविषयी काही लिहायला बसणे हा माझा आगाऊपणाच आहे, वाचकांनी तो पोटात घालावा. खामगावच्या कॉलेजात येऊन मला अजून पुरते वर्षही झालेले नाही. पण साखरखेर्ड्याच्या शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाविषयी कुणीतरी लिहायलाच हवे. कारण जीवशास्त्र पुस्तकातून शिकता येते, ही गोष्ट साऱ्या जगाला पटली तरी त्या एकट्याला कधी पटली नाही.

याचे मूळ आमच्या विज्ञानाच्या सरांत होते. ते नुकतेच ट्रेनिंग करून आले होते आणि येताना ‘प्रकल्प’ हा शब्द घेऊन आले होते. आम्ही बाकीच्यांनी जास्वंदीचे फूल वहीत चिकटवले आणि मोकळे झालो. माझ्या सोबत्याने मात्र तो शब्द घरी नेला, शेतात नेला, बहुधा झोपेतही नेला. हरभरा उबेत लवकर मोड धरतो असे कळताच तो ओला हरभरा फडक्यात बांधून सदऱ्याच्या आत, पोटाशी ठेवू लागला. मोड आले, पण भूगोलाच्या तासाला भूक लागली म्हणून त्याने सगळा प्रकल्प खाऊन टाकला आणि निष्कर्षाच्या रकान्यात ‘गोड लागला’ असे लिहिले. रुईच्या पानावरची अळी त्याने कंपासपेटीत पाळली. तिचे फुलपाखरू व्हायला गणिताच्या चाचणीचाच मुहूर्त मिळाला. आणि एकदा प्रार्थनेला सगळी शाळा उभी असताना त्याची टोपी डोक्यावर आपोआप उड्या मारू लागली. हेडमास्तरांनी ती काढायला लावली, तर आतल्या बेडकाने थेट त्यांच्या धोतरावर झेप घेतली.

“हे काय आहे?” हेडमास्तर ओरडले.

“सर, प्रकल्प हाये. बेडूक कातडीनं बी श्वास घेते ना, म्हणून टोपी ओली ठेवली.”

छडी त्याला बसली आणि शेजारी म्हणून मलाही.

मॅट्रिकनंतर दोघांनी खामगावला जायचे, एकच खोली घ्यायची, असे आमचे ठरले होते. अडचण त्याच्या वडिलांची होती. त्यांचा भाजीचा मळा. “शिकून काय दिवे लावशीन?” एवढाच त्यांचा प्रश्न असे. त्या वर्षी मळ्यातले दुधी बोटाएवढे झाले की पिवळे पडून गळत होते. नेमके तेव्हाच सरांनी नरफूल आणि मादीफूल शिकवले.

“बा, मधमाशा कमी येऊन राह्यल्या. मी हातानं फळ धरवतो,” हा म्हणाला.

“धरलं तं जाय बापा खामगावले. नाही धरलं तं बाजारात पाटी घेऊन बस माह्याजवळ.”

दुधीची पांढरी फुले दिवस मावळताना उमलतात. तो नरफूल तोडून मादीफुलावर अलगद फिरवी आणि खूण म्हणून तिथे दोरा बांधी. पांढरा दोरा दिसत नाही म्हणून त्याने तो हळदीत बुडवला, आणि घोटाळा झाला. हळदीचा दोरा म्हणजे आमच्याकडे नवस! त्याच्या मायने तो पाहिला, शेजारणींना सांगितले, आणि पोराने मॅट्रिकसाठी देवीला साकडे घातले असे समजून दुसऱ्या दिवशी बायांनी फुलाफुलाला दोरे बांधले. कळ्या सोडल्या नाहीत, कुंपणाची बाभूळसुद्धा सोडली नाही.

“माय वं, आता माहं फूल कोणतं अन् देवीचं कोणतं?” तो कपाळाला हात लावून म्हणाला.

“सारे देवीचेच, बाप्पा!” माय हात जोडत म्हणाली.

दुधी धरले, भरपूर धरले. वडिलांनी देवीला नारळ फोडला आणि याला सांगितले, “तुहा काय संबंध?”

मग हा हट्टालाच पेटला. विहिरीजवळच्या एका वेलाची सगळी मादीफुले त्याने उमलण्याआधीच चिंध्यांनी बांधली. सगळा वेल मुंडासे बांधून वरातीला निघाल्यासारखा दिसे. विहिरीकडची फुले तेवढी सोडायची, पराग लावायचा, पुन्हा बांधायची. बांधाकडची तशीच ठेवायची. बाया येऊ नयेत म्हणून वडील स्वतः काठी घेऊन राखणीला बसले आणि त्यांनी खुद्द आपल्या बायकोला दोनदा हाकलले. बांधाकडचे सगळे दुधी गळाले, विहिरीकडचे टरारून फुगले. वडिलांनी त्यांतला एक कुरवाळला. मग म्हणाले, “पोट्ट्यानं खरं केलं बे!” आम्ही दोघे पाटाच्या पाण्यात नाचलो. खामगावच्या खोलीत खिडकीशी कुणी झोपायचे यावरून आमचे तिथेच भांडणही झाले.

निकाल लागला, दोघे पास झालो. मी पुढे येऊन खोली घेतली आणि खिडकीशी त्याची जागा राखून ठेवली. कॉलेज सुरू झाले, पाऊस लागला, तरी तो आला नाही. परवा एस.टी. स्टँडवर आमच्या गावचे एक काका भेटले.

“तो येत नाही आता,” ते म्हणाले. “त्याचा बाप गावभर सांगून राह्यला, ‘ज्याच्या हातानं वेल फळते असं पोट्टं मी काऊन गावाबाहेर धाडू?’ सारा मळा त्याच्याच हाती देला.”

“अन् तो काही बोलला नाही?”

“कशाचा बोलते! फकस्त तुले निरोप देला. म्हणे, दिवाळीले येशीन तं कॉलेजात जे जे शिकवलं ते सारं मले सांग. मंधातलं काही गाळू नको म्हणे.”