बत्तीस की तीस

घरात पदवी घेणारी मी पहिली. तरी गावातले लोक तोंडावर म्हणायचे, "त्या कॉलेजात कॉपी चालते म्हणे." म्हणून नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटची परीक्षा द्यायचं ठरवलं, तेव्हा मनाशी एकच होतं: हा कागद तरी माझ्या डोक्याचा असावा, त्यावर कुणी बोट ठेवू नये.

आमच्या गावी, नेरला, या विषयाचा क्लास नव्हता. मोबाइलवर फुकटचे व्हिडिओ बघायचे आणि वहीत आकडेमोड करायची, हाच माझा क्लास. माझा एक वर्गमित्र वणीत सीसीटीव्ही बसवतो. तोही तीच परीक्षा देणार होता. त्यानं एका ग्रुपवरची फाइल पाठवली. शेकडो प्रश्न, खाली उत्तरं, आणि वर लाल अक्षरांत 'खात्रीशीर, हेच येणार'. पाठोपाठ फोन.

"अव, व्हिडिओ कायले पाहून राह्यली? पाठ कर अन् मोकळी हो."

"हे प्रश्न यांच्याजवळ आले कुठून?"

"तू काय पोलिसात भरती झाली काय?"

मला ती लाल अक्षरंच खटकली. बाबा कापूस बाजारात हमाल आहेत. गाडीतला वरचा कापूस बघून ते कधी मान डोलवत नाहीत. खांद्यापर्यंत हात खुपसून खालची मूठ ओढून काढतात. मीही फाइल मधूनच उघडली. प्रश्न होता: एका नेटवर्कला बत्तीस पत्ते मिळाले, तर किती कॉम्प्युटर जोडता येतील? उत्तर दिलं होतं, बत्तीस. पण पहिला पत्ता त्या नेटवर्कचा स्वतःचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा. हे दोन कुणाला देत नाहीत. उरतात तीस.

ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, शंका असेल तर ग्रुप सोडा." मग स्वतःचाच संशय यायला लागला. एवढे सगळे चुकतील आणि मी एकटी बरोबर? सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेटवर्क मांडून शेवटचा पत्ता एका कॉम्प्युटरला देऊन पाहिला. त्यानं घेतला नाही. पहिलाही नाही. फाइल पुसली, ग्रुप सोडला, आणि मित्राला सगळं सांगितलं.

"आता तर पाठ झालं," तो म्हणाला. "डोक्स्यातून कसं काढू?"

अमरावतीच्या केंद्रावर तोच प्रश्न आला, शब्दही तेच. क्षणभर फाइलमधलं 'बत्तीस' डोळ्यांपुढे नाचलं. केंद्रावर आकडेमोडीला दिलेल्या पाटीवर सगळं पुन्हा मांडलं, तीस निवडलं. वेळ गेला, शेवटचे दोन प्रश्न घाईत उरकले. पास झाले.

संध्याकाळी मित्राचा फोन. "कोणती फाइल होती?"

"फाइल नव्हती. वही होती."

"लपवू नको न व. माह्यी परीक्षा पुढच्या हप्त्यात आहे."

मी वहीच्या पानापानाचे फोटो काढून पाठवले. त्यानं बघितले आणि लिहिलं, 'हे राहू दे. खरी पाठव.'

तो अजून रुसलेला आहे. ग्रुपवरही म्हणे माझ्याजवळच्या फाइलची चर्चा आहे. बाबांना सांगितलं, तर त्यांनी वही मागून घेतली, वाचता येत नसलं तरी एकेक पान उलटून पाहिली.