पायगुणाचा आळ

काष्टीच्या बाजारात बैलाचं दावं सोडता सोडता मच्छिंद्र खाली बसला तो उठलाच नाही. उजव्या अंगावरून वारं गेलं, तोंड वाकडं झालं, वाचा बसली. त्रेचाळीस सालची गोष्ट. वय तिशीच्या आतबाहेर.

त्याला घरी आणून बाजेवर निजवलं न निजवलं तोच त्याच्या आईनं, राहीबाईनं, निकाल देऊन टाकला. "पांढऱ्या पायाची घरात आली न् माज्या लेकाला खाऊन बसली!" धाकटा सहादेव तर आईच्या वरताण. पारावर बसून सांगायचा, "वैनीचा पायगुनच वंगाळ."

छबूबाई नवऱ्याला पेज भरवायची, त्याचं सगळं करायची आणि मुकाट ऐकायची. दात मात्र इतके आवळायची की जबडा ठणकायचा.

शेवटी तिनंच हट्ट धरून नवऱ्याला आगगाडीनं नगरच्या दवाखान्यात नेलं. संगतीला सहादेव होता. डॉक्टरांनी मच्छिंद्रच्या दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब पाहिला. तो भलताच चढलेला होता, त्यानंच अंगावरून वारं गेलं होतं. त्यांनी विचारलं, "घरात आधी कुणाला असं झालं होतं?"

सहादेव फरशीकडं बघत पुटपुटला, "आमचा बाप असाच गेला. आजाबी. चुलता तर नांगर धरल्या जागी पडला."

छबूबाईचं डोकं भणाणलं. एवढी माणसं गेली, आणि तिच्यापुढं कुणी चकार शब्द काढला नव्हता!

डॉक्टरांनी धडधाकट सहादेवलाही पट्टा बांधला. दाब बरा होता. मग त्याला दुसरा हात बर्फाच्या पाण्यात धरायला लावला, तसा दाब मोजायच्या नळीतला पारा सरसर वर गेला.

"गार पाण्यानं दाब सगळ्यांचाच थोडा वाढतो," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या नसा मात्र फार लवकर भडकतात. ज्यांच्या घराण्यात हा दाबाचा रोग आहे त्यांच्यात असं पुष्कळदा दिसतं. आज तू आजारी नाहीस. पण तंबाखू सोड, मीठ कमी कर आणि दाब तपासून घेत जा."

"म्हंजी हे माज्या पायानं झालं न्हाई?" छबूबाईनं विचारलं.

"पायांचा काय संबंध, बाई?"

घरी आल्यावर हातातलं गाठोडंही खाली न ठेवता ती सासूपुढं उभी राहिली. "आत्याबाई, मामंजी कुनाच्या पायानं गेले? तवा मी माहेरी परकरात हुते. बोला की!"

"माज्या घरान्याला बट्टा लावती व्हय गं?" राहीबाई कडाडली.

"तुमी माज्या पायाला लावला, तो कोन पुसनार?"

राहीबाईनं तोंड फिरवलं. सहादेव खांबाला टेकून उभा होता. तो खाली मान घालून बाहेर निघून गेला.

वर्षभरानं मच्छिंद्र गेला. पुढं सहादेवला मुलगी सांगून आली. मुलीचे आईबाप घर बघायला आले, तेव्हा राहीबाईनं छबूबाईला आतच बस म्हणून बजावलं. तरी ती चहाची कपबशी घेऊन बाहेर आली आणि मुलीच्या आईला म्हणाली, "मावशी, ह्या घरात वारं जायचा रोग हाय. उद्या कायबी झालं तर तुमच्या लेकीच्या पायावर ढकलू देऊ नका. पटत आसंल तर द्या."

राहीबाई ओरडली, "लगीन मोडती का, अवदसे!"

"वैनी खरं बोलती," सहादेव म्हणाला.

ती सोयरीक फिसकटली. पुढच्या पाहुण्यांना सहादेवनं स्वतःच सगळं सांगितलं आणि त्यांनी मुलगी दिली.

छबूबाईनं राहीबाईला शेवटपर्यंत भाकरी वाढली. पण कामापलीकडं तिच्याशी शब्द बोलली नाही. माफ कर म्हणून बायाबापड्या सांगायच्या, तेव्हा ती चुलीतलं लाकूड आत ढकलून म्हणायची, "तिनं माफी मागितली का?"