प्रज्ञानं नाकारलेला करार

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी लातूरला, आमच्या शाळेच्या मैदानावर मुलींचा सराव घेत होते. मिलिंद हा माझ्या मैत्रिणीचा, प्रज्ञाचा धाकटा भाऊ, कंधारला शिक्षक आहे. "ताई गेली," एवढंच म्हणाला. डेंग्यूचं निमित्त झालं. नांदेडच्या दवाखान्यात असताना तिनं मला कळवू दिलं नव्हतं. "शाळा सोडून उगाच धावत येईल ती," म्हणाली होती म्हणे. मी मिळेल त्या एसटीनं निघाले. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, शेजारच्या बाईनं काही विचारलं तेही मला नीट ऐकू आलं नाही. अंत्यविधीला बुद्धवंदना झाली, माणसं हळूहळू पांगली. आमच्या जुन्या टीममधली तिथं मी एकटीच होते.

आम्ही दोघी एकाच व्यावसायिक क्लबकडून फुटबॉल खेळलो. ती बचाव फळीत, कॅप्टन. मी डाव्या बाजूला, उपकॅप्टन. क्लब मोठ्या शहरातला. पुरुषांची टीम आणि आमची टीम, जर्सी एकच. ते फ्लॅटमध्ये राहायचे, आम्ही सगळ्या मिळून एका हॉलमध्ये गाद्या टाकून. प्रज्ञाला त्याचा फारसा राग नव्हता. "त्यांच्या मॅचला तिकिटं खपतात, आपल्या मॅचला न्हाई. पगाराचं मी समजू शकते," ती म्हणायची. मग सुमीचा गुडघा गेला. सुमी झारखंडची, टीममध्ये सगळ्यात लहान. सरावात घसरली आणि लिगामेंट फाटलं. त्याच सुमारास पुरुषांच्या टीममधल्या एकाचं तसलंच ऑपरेशन क्लबनं विम्यातून चांगल्या हॉस्पिटलात करून दिलं होतं. आमच्या करारात विमाच नव्हता. सुमीला सांगितलं, गावी जाऊन आराम कर.

रात्रभर सुमी उशीत तोंड खुपसून रडत होती. सकाळी प्रज्ञा मला म्हणाली, "तिला नुसतं घरी पाठवून राहिले गं. पगार कमी-जास्त असू दे, पण गुडघा तर सारखाच असतो ना?"

आम्ही दोघी मॅनेजरकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "प्रज्ञा, तू सीनियर आहेस. पुढच्या सीझनला तुझ्या करारात विमा घालतो, पगारही वाढवतो. बाकीच्यांचं आत्ता काढू नकोस." तिच्या घरी तेव्हा वडील आजारी होते, मिलिंद शिकत होता. ती होकार देईल असं मला वाटलं होतं, आणि दिला असता तर मी तिला बोल लावला नसता. ती म्हणाली, "सर, सुमीचं ऑपरेशन आधी करा. अन् विमा सगळ्यांना घाला. न्हाईतर मलाबी नको."

बरेच दिवस काही हललं नाही. मॅचच्या आदल्या दिवशी प्रज्ञा पुन्हा ऑफिसात गेली, तेव्हा आम्ही सगळ्या जणी तिच्यामागं जाऊन उभ्या राहिलो. सुमीचं ऑपरेशन झालं. पुढच्या सीझनला सगळ्या मुलींच्या करारात विमा आला. प्रज्ञाला मात्र करारच आला नाही. वय झालं, असं कारण दिलं. ती तेव्हा आयुष्यातलं सगळ्यात चांगलं फुटबॉल खेळत होती. दुसऱ्या क्लबांनीही तिला घेतलं नाही. 'ही भांडखोर आहे' हे तिच्या आधीच तिथं पोचलं होतं.

मग ती नांदेडला आली. खेळाच्या सामानाच्या दुकानात नोकरी, एक भाड्याची खोली. लग्न केलं नाही. मी खेळणं सोडून लातूरला शिक्षिका झाले, अधूनमधून तिच्याकडे जायचे. एकदा मेथी निवडता निवडता मी विचारलं, "पस्तावा होतो का गं?" तिनं पुढची जुडी ओढली. "खेळायचं लई आठवतं," म्हणाली. "बाकी काही न्हाई."

गेल्या पंधरवड्यात सुमीचा फोन आला. ती अजून खेळते, आता ती स्वतः कॅप्टन आहे. फोनवर खूप रडली. मग म्हणाली, "दी तेव्हा खेळाला कंटाळली होती ना? मला तिनं तसंच सांगितलं होतं." मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं प्रज्ञानं त्या पोरीला खरं कारण कळू दिलं नव्हतं... मी म्हटलं, "हो, कंटाळली होती." सुमीला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथं हे लिहू शकते आहे.

सुमीची मॅच असली की मध्यंतराला मला प्रज्ञाचा फोन यायचाच. "बघून राहिली ना?" असं विचारायची. परवा सुमीची मॅच होती. मोबाइलवर लावून बसले होते. फार सुंदर खेळली. मध्यंतर झालं तसा मी आवाज बंद केला आणि मोबाइल हातात धरून बसले. पुढचा खेळ सुरू झाल्याचं मला बऱ्याच उशिरा कळलं.