फोन उचलू नका म्हणणारे सर

त्या दुपारचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत चोर-दरोडेखोर पुष्कळ पाहिले, पण या प्रकरणातल्या फसलेल्या लोकांनी मला जितकं छळलं, तितकं कुठल्या आरोपीनं छळलं नाही.

तेव्हा मी नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. जेवणाचा डबा उघडत होतो, तोच ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, नांदगावहून एक बाई आल्यात. शिक्षिका आहेत. सख्ख्या भावाविरुद्ध तक्रार द्यायची म्हणतात."

डबा मिटला. बाई पन्नाशीच्या, करारी. धाकटा भाऊ आमच्या हद्दीत राहायचा आणि अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर कामाला होता. त्यानं एका पतसंस्थेचं कर्ज घेतलेलं, बाई जामीनदार. हप्ते थकले, पतसंस्थेनं वसुलीची कारवाई केली आणि बाईंच्या पगारातून कपात सुरू झाली.

"फोन लावला तर बंद. घरी आले, तर म्हणतो, ताई, सगळं मिटत आलंय. काय मिटतंय ते सांगत नाही," बाई म्हणाल्या. "आई गेल्यावर मी वाढवलंय त्याला. आता तुम्हीच विचारा."

भावाला निरोप धाडला. पहिली पाळी सुटल्यावर तो कारखान्याच्या कपड्यांतच आला. माणूस सरळ दिसत होता. बाईंना शेजारी बसवूनच मी विचारायला सुरुवात केली.

"हप्ते का भरले नाहीस?"

"भरतोय ना साहेब."

"पतसंस्थेत तर जमा नाहीत."

"तिथं नाय. दुसरीकडं भरतोय."

"दुसरीकडं कुठं?"

"ते सांगता येणार नाय साहेब. सांगितलं तर सेटलमेंट कॅन्सल होते."

सराईत घरफोडे चहा यायच्या आत बोलते केलेत मी. आणि हा, ज्यानं कसला गुन्हाच केला नव्हता, तोंड उघडेना! समजावलं, आवाज चढवला, हवालदारानंही प्रयत्न केला. तो आपला खाली मान घालून बसलेला.

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. बाई चमकल्या. त्यांना माहीत असलेला नंबर बंद होता; हा नवाच निघाला. मी म्हणालो, "उचल. स्पीकरवर ठेव."

पलीकडचा आवाज मधाळ होता. "नमस्कार, सर बोलतोय. ताईंचा पगार कापला म्हणालात ना? अजिबात घाबरू नका. ही त्यांची दबावाची पद्धत असते. म्हणजे आपलं काम होत आलं. पतसंस्थेचे फोन उचलत नाही ना? शाब्बास. आता राहिलेली फी तेवढी आज पाठवा."

बाईंनी टेबलावरचा फोन ओढून घेतला. "मी त्याची ताई बोलतेय. पतसंस्थेत कुणाशी बोललात तुम्ही? नाव सांगा."

पलीकडून "मॅडम, आवाज येत नाहीये," आणि फोन बंद.

भाऊ हळूच म्हणाला, "रेंज गेली असंल, ताई."

मी कपाळाला हात लावला. पण बाई त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या, आणि त्या नजरेनं जे केलं ते आमच्या दरडावण्यानं झालं नव्हतं. त्याचे डोळे भरले आणि त्यानं पत्ता सांगितला.

गंगापूर रोडवर काचेचं दार असलेलं कर्जमुक्ती सल्ला केंद्र होतं ते. पंचांना घेऊन आम्ही पोचलो तेव्हा बाहेरच्या सोफ्यावर पाच-सहा कर्जदार बसले होते. त्यांना वाटलं असेल सुटलो? छे! ते आमच्याशीच भांडायला उठले. त्यांच्यातला एक कारकून तर दारात आडवा आला. "साहेब, देवमाणूस आहेत हे. बँकेची माणसं शिव्या घालतात, हे पाणी विचारतात. यांना नेलंत तर आमचं काय?"

हा देवमाणूस पूर्वी कर्ज मिळवून देणारा एजंट होता. चौकशीत म्हणाला, "मी सल्ला देतो. सल्ला देणं गुन्हा आहे का?"

सल्ला एकच असायचा: हप्ते थांबवा, नंबर बदला, घरात बोलू नका, माझी फी भरा; बँकेशी मी बोलतो. म्हणून आम्ही त्याच्या गिऱ्हाइकांच्या बँकांना आणि पतसंस्थांना पत्रं पाठवली. याच्यातर्फे कुणी कधी बोलणी केली का? सगळीकडून एकच उत्तर आलं: नाही. ती उत्तरं मी त्याच्यासमोर ठेवली.

"एका ठिकाणी एक फोन नाही केलास. मग फी कसली?"

ती बाजूला सारून तो म्हणाला, "धीर दिला मी. झोप लागत नव्हती त्यांना. माझ्याकडून गेले की लागायची."

संताप आला, कारण ते खरं होतं.

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. भावाचा जबाब नोंदवताना मात्र माझा उरलासुरला धीर संपला. हा बाबा आधी एका बँकेच्या मोफत कर्ज समुपदेशन केंद्रात जाऊन आला होता!

"मग तिथं काय बिघडलं?"

"तिथल्या मॅडम लय खोदून विचारायच्या, साहेब. खर्च कशावर होतो, दुसरी गाडी कशाला घेतली. पुढच्या वेळी बायकोला घेऊन या म्हणाल्या. कर्ज माफ होणार नाय, हप्ता लहान करून मागू, पतसंस्थेत मी सोबत येते, असं म्हणाल्या. आणि पैसे काहीच घेत नव्हत्या. मला वाटलं, फुकटात काय काम करणार!"

"आणि या सरांनी काय विचारलं?"

"काय नाय. चहा पाजला."

मी पेन खाली ठेवलं.

पुढं तो बायकोला घेऊन त्याच मॅडमकडे गेला. पतसंस्थेनं हप्ते बांधून दिले, बाईंची कपात थांबली. सरांना दिलेली फी बरीचशी बुडालीच. जबाबाच्या दिवशी ठाण्यातून निघताना बाई भावाला एवढंच म्हणाल्या होत्या, "पैशाचं जाऊ दे. तुला तो परका माणूस जवळचा वाटला." त्या वर्षी त्या भाऊबीजेला आल्या नाहीत. पुढच्या वर्षी आल्या, असं ऐकलं.

मला या प्रकरणानं एक पारख दिली. खरा सल्लागार आधी नको ते प्रश्न विचारतो, कर्जदाराला कर्ज देणाऱ्यासमोर बसवतो, घरच्यांना बोलावतो. जो तोंड लपवायला शिकवतो, त्याच्या दारातून परत फिरावं. हे मी सोसायटीच्या सभांमधून सांगतो. लोक माना डोलावतात आणि पुन्हा काचेचं दार शोधायला जातात.

परवाच एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. कुठल्याशा नव्या केंद्रात पैसे अडकले होते. "साहेब, पोलिसांत तक्रार कशी करू?"

मी म्हणालो, "बायकोकडे फोन दे."

दबक्या आवाजात तो म्हणाला, "तिला यातलं काही माहीत नाही."

"मग आधी तिला सांग. पोलीस ठाणं कुठं पळून जात नाही."